दम्याच्या गोळीकडून ठेवलेली आशा

बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्ता आमच्या चोपड्यातून जातो. त्यावरचा मोटारसायकलचा अपघात, झाडावरून पडणं, विहिरीच्या कामावर तोल जाणं, अशा कारणांनी मान मोडल्याच्या बातम्या आपल्याकडे नव्या नाहीत. मानेतला मज्जारज्जू दुखावला की घरच्यांची नजर लुळ्या हातापायांवर असते. जिवावर बेततं ते मात्र श्वासामुळे. छातीखालचा श्वासपडदा हलवणारी फ्रेनिक नस मज्जारज्जूच्या मानेतल्या तिसऱ्या ते पाचव्या भागातून निघते. इजा त्याच्या वर असेल तर रुग्ण व्हेंटिलेटरवर जातो. खाली असेल तर श्वास चालतो, पण खोकण्याचं बळ जातं, कफ साचतो आणि न्यूमोनिया गाठतो.

यावर औषध मिळेल या आशेचं मूळ 1895 सालच्या एका प्रयोगात आहे. विल्यम टाउनसेंड पोर्टर या अमेरिकी शास्त्रज्ञानं प्राण्यांचा मज्जारज्जू मानेत वरच्या बाजूला अर्धा कापला. त्या बाजूचा पडदा थांबला. मग त्यानं दुसऱ्या, चांगल्या बाजूची फ्रेनिक नस कापली, तेव्हा थांबलेली बाजू पुन्हा हलू लागली! मज्जारज्जूत एक निजलेली वाट होती आणि जीव कासावीस झाल्यावर ती जागी झाली.

ही वाट औषधानं उघडेल का? शंभर वर्षांनी, 1990च्या दशकात, डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातल्या हॅरी गोशगेरियन आणि क्वाकू नांत्वी यांनी उंदरांना थिओफिलिन दिलं आणि अर्धा लुळा पडदा हलला. आपल्याकडे दमेकऱ्याच्या खिशात असते त्या डेरिफायलिन गोळीतलाच हा घटक. अडेनोसिन नावाचं रसायन मज्जातंतूंना आवर घालतं. थिओफिलिन तो आवर सैल करतं. इतकी स्वस्त, इतकी जुनी गोळी! खेड्यातल्या रुग्णाला सहज परवडली असती.

पण 2006 साली प्रसिद्ध झालेल्या, चारही हातपाय लुळे पडलेल्या रुग्णांवरच्या एका छोट्या चाचणीत या गोळीनं फुप्फुसांची ताकद वाढली नाही. मला याचं कारण इजेच्या प्रकारातच दिसतं. उंदराचा मज्जारज्जू एका बाजूनं नेमका कापलेला होता; माणसाचा अपघातात दोन्ही बाजूंनी चिरडलेला असतो. शिवाय मात्रा वाढवली की उलट्या, धडधड, झटके येतात.

स्टेरॉइडची कथा अधिक क्लेशदायक आहे. 1990 साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीनंतर इजेनंतर आठ तासांच्या आत मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचे मोठे डोस देण्याची पद्धत जगभर रुजली. 1997च्या पुढच्या चाचणीत 48 तास औषध दिलेल्यांना गंभीर न्यूमोनिया जास्त झाला, म्हणजे जो धोका टाळायचा तोच वाढला. 2013 मध्ये अमेरिकेतल्या मेंदू-मज्जारज्जूच्या शल्यचिकित्सक संघटनांनी हे औषध वापरू नये असं सांगितलं.

थोडाफार उपयोग झाला तो साध्या औषधांचा. मानेच्या इजेनंतर श्वासनळ्या आकसून राहतात, म्हणून इप्राट्रोपियम किंवा साल्ब्युटामॉलची वाफ दिल्यावर त्या मोकळ्या होतात. इप्राट्रोपियमनं कफ घट्ट होऊ शकतो, तेवढी काळजी घ्यावी लागते. गुंगीची आणि तीव्र वेदनाशामक औषधं श्वास आणखी मंद करू शकतात, हे मात्र घरी कुणी सांगत नाही.

2011 आणि 2018 मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ जेरी सिल्व्हर यांच्या गटानं काँड्रॉइटिनेज या विकराच्या मदतीनं उंदरांचा श्वास परत आणला; दुसऱ्या वेळी तर इजेला दीड वर्ष उलटल्यावर. माणसासाठी ते अजून उपचार झालेलं नाही.

तेव्हा चोपड्यातल्या घरांना माझी विनंती आहे. मान दुखावलेल्याला दुमडून रिक्षात घालू नका, 108ला फोन करा. आणि तापी ओलांडून जळगावला किंवा धुळ्याला दाखल केलेल्या रुग्णाला घरी आणण्याआधी, पोटावर हाताचा दाब देऊन खोकायला मदत कशी करायची आणि कूस किती वेळानं बदलायची, हे फिजिओथेरपिस्टकडून घरातल्या दोघांनी तरी शिकून घ्या.