भगोरिया : हाट की प्रणयोत्सव?

धार जिल्ह्यातील गंधवानी हे भिल्ल-भिलाल्यांच्या मुलखातील गाव. होळीपूर्वीच्या सात दिवसांत तेथील आठवड्याचा बाजार भगोरियाचे रूप घेतो. सातपुड्याच्या अलीकडे, नंदुरबार-जळगावच्या डोंगरपट्ट्यात, याच बाजारास 'भोंगऱ्या' म्हणतात. होळीच्या पूजेसाठी गूळ, डाळ्या, हारकडे यांची खरेदी होते. मांदळ आणि बासरी घुमते, गुलाल उधळतो, ताडी व मोहाची दारू मैत्रीखातर फिरते. या सोहळ्याला कोणी संत अधिष्ठाता नाही. सर्वांची ओढ असते ती येणाऱ्या होळीकडे.

शहरी लेखकांनी मात्र यास 'प्रणयोत्सव' ठरविले. तरुणाने गुलाल लावावा, तरुणीने होकार द्यावा आणि दोघांनी पळून जावे, अशी कथा रूढ झाली. 'भागना' या हिंदी क्रियापदाने तिला व्युत्पत्तीचा आधारही मिळवून दिला. दुसरे कोणी हे नाव झाबुआ जिल्ह्यातील भगोर गावाशी जोडतात. दोन्ही तर्कच होत.

बाजारात मने जुळतही असतील. तशी ती कोणत्या जत्रेत जुळत नाहीत? परंतु विवाह पक्का होतो तो वडीलधाऱ्यांच्या बोलणीने व वधूमूल्य ठरल्यावर. म्हणूनच 'पळून जाण्याचा सण' या वर्णनास आदिवासी समाजातून विरोध झाला आहे. त्या एका शब्दाने बाजारास आलेली लेक परक्यांच्या कुतूहलाचा विषय होते. म्हणून आमची शिक्षकबंधु-भगिनींना विनंती आहे : वर्गात भगोरिया सांगताना प्रथम हाट सांगावा, मग होळी.