विश्लेषण : एकट्याचे ताट महाग का पडते? पूनम सागरच्या भाड्याच्या घरातून जेवण, मैत्री आणि डेटिंगचा हिशेब

मीरा रोड पूर्वेच्या पूनम सागरसारख्या वसाहतीत घर मिळाले, नोकरी आहे, मोबाइलवर जेवण मागवण्याची सोय आहे आणि जोडीदार शोधण्याचीही. तरीही एकट्या राहणाऱ्या माणसाला रोजचा एक प्रश्न सुटत नाही : जेवायचे कोणाबरोबर? ‘एकटा जीव सदाशिव’ असे आपण सहज म्हणून जातो. प्रत्यक्षात या सदाशिवाचा खर्चही जास्त आणि त्याच्या दारावर पहाराही जास्त, अशी स्थिती आहे. ती का आली?

पूनम सागरला एकटे कोण राहते?

मुंबई महापालिकेची हद्द दहिसरला संपते. पुढचे स्थानक मीरा रोड. जिल्हा ठाणे, महापालिका मीरा-भाईंदर. २००१च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या ५ लाख २० हजार होती, ती २०११मध्ये ८ लाख ९ हजारांवर गेली. मुंबईत परवडत नाही म्हणून इकडे आलेल्यांत कुटुंबे अधिक. पण त्यांच्या पाठोपाठ एकटेही आले. अंधेरी-गोरेगावला नोकरी करणारे, रुग्णालयात पाळीची ड्युटी असणारे, मालिकांच्या चित्रीकरणात काम मिळेल या आशेने गाव सोडलेले. कोणी वन बीएचके तिघांत वाटून घेतो, कोणी कॉट बेसिसवर राहतो. यात घटस्फोटित आहेत, जोडीदार गेलेले ज्येष्ठ आहेत, लग्न न करण्याचे ठरवलेल्या स्त्रियाही आहेत. देशात अविवाहित, विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता अशा स्त्रियांची संख्या २००१मध्ये ५ कोटी १२ लाख होती; २०११मध्ये ती ७ कोटी १४ लाख झाली. तेव्हा ‘बॅचलर’ म्हटले की पंचविशीतला मुलगाच डोळ्यांसमोर येणे, ही आपली सवय आहे, वस्तुस्थिती नव्हे.

घर मिळते, पाहुणा का चालत नाही?

घर शोधताना ब्रोकरचा पहिला प्रश्न ‘फॅमिली की बॅचलर?’ हा असतो. सदनिका भाड्याने देण्यासाठी मालकाने गृहनिर्माण सोसायटीची पूर्वपरवानगी घ्यावी, असे राज्याचे आदर्श उपविधी म्हणत नाहीत. करारनाम्याची प्रत आणि पोलिसांना दिलेली माहिती सोसायटीला कळवणे पुरेसे असते. भोगवटेतर शुल्कही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. मात्र, अविवाहितांना घर नाकारू नये असे खासगी मालकाला थेट बजावणारा कायदा महाराष्ट्रात नाही. या मोकळ्या जागेत सोसायट्यांचे तोंडी नियम शिरतात. रात्री दहानंतर पाहुणा नको, मुलाच्या घरी मुलगी नको, मुलीच्या घरी कोणीच नको. भाडेकरूच्या हाती ११ महिन्यांचा करार असतो आणि नूतनीकरणाची टांगती तलवार. तो वाद घालत नाही.

जून २०२३मध्ये मीरा रोडमध्येच जोडीदाराबरोबर राहणाऱ्या स्त्रीची निर्घृण हत्या उघडकीस आली आणि संशयाला निमित्त मिळाले. गुन्हा एका माणसाचा असतो. चौकशी मात्र नंतर घर शोधणाऱ्या प्रत्येकाची होते. लग्नाविना एकत्र राहणे हा गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्येच स्पष्ट केले आहे. पण फाटकावरच्या नोंदवहीला तो निकाल ठाऊक नसतो.

पूर्वीचा एकटा कुठे जेवत होता?

एकट्यांचे शहर ही मुंबईची आजची ओळख नाही. १९२१च्या सुमारास मुंबईत पुरुषांच्या तुलनेत स्त्रिया जेमतेम निम्म्याहून थोड्या अधिक होत्या. कोकणातून, साताऱ्याकडून आलेले गिरणी कामगार बायका-मुले गावी ठेवून एका खोलीत पाळीपाळीने झोपत. त्यांना जेवू घालायची ती खानावळ. चाळीतलीच एखादी बाई स्वतःच्या चुलीवर दहा-वीस जणांचे रांधायची. हिशेब महिन्याचा, पगार झाल्यावर पैसे. कोणाला ताप आला तर भाताची पेज वेगळी व्हायची, कोणी दोन दिवस फिरकला नाही तर चौकशी व्हायची. गोव्याहून आलेल्यांसाठी धोबी तलाव परिसरातले गावोगावचे ‘कूड’ हेच काम करत.

त्या व्यवस्थेचे फार गोडवे गाऊ नयेत. खानावळवाली पहाटेपासून राबायची, सावकाराच्या व्याजात अडकायची. ती पोसत असलेल्या पुरुषांना त्याची फारशी जाणीव होती असेही नाही. म्हणूनच १९७५मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. कामगार गावी परतले, ताटे रिकामी राहिली, अनेक खानावळी बंद पडल्या. शहराने तेव्हा रोजगार गमावला, याची चर्चा खूप झाली. अनोळखी माणसांना एका पंगतीला बसवणारी जागाही गमावली, याची फारशी झाली नाही.

उडुपी हॉटेलांनी ती पोकळी काही प्रमाणात भरली. गर्दीच्या वेळी समोरच्या खुर्चीवर अनोळखी माणूस येऊन बसणार आणि राइस प्लेट मागवणार, हे तिथे गृहीतच असे. मुंबईचा जगप्रसिद्ध डबेवाला मात्र एकट्याच्या फारसा कामाचा नाही. १८९०पासून चालत आलेली ती साखळी घरी कोणीतरी स्वयंपाक करणारे आहे, या गृहीतकावर उभी आहे. पूनम सागरच्या एकट्याला नेमके उलटे हवे असते. डबा संध्याकाळी आणि घरी.

एकट्यासाठी स्वयंपाक का परवडत नाही?

बाजार कुटुंबाच्या मापाने चालतो. कोबीचा गड्डा, कोथिंबिरीची जुडी, अख्खा नारळ, सगळे चौघांच्या हिशेबाने. वाटीभर डाळीलाही कुकरच्या तेवढ्याच शिट्ट्या लागतात. कॉट बेसिसवर राहणाऱ्याकडे पत्त्याचा पुरावा नसतो, त्यामुळे गॅसची जोडणी मिळत नाही. त्याच्यासाठी पाच किलोचा सिलिंडर आहे. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२०मध्ये त्याचे ‘छोटू’ असे बारसे केले. त्याला केवळ ओळखपत्र पुरते. पण हा सिलिंडर बाजारभावाने मिळतो. घरगुती सिलिंडरच्या तुलनेत त्यातला किलोभर गॅस महागच पडतो.

ॲपवरचा हिशेबही असाच. वितरण शुल्क आणि प्लॅटफॉर्म शुल्क माणशी नसते, ऑर्डरमागे असते. चौघांनी मागवले तरी तेवढेच, एकट्याने मागवले तरी तेवढेच. स्विगीने एप्रिल २०२३मध्ये ऑर्डरमागे दोन रुपये प्लॅटफॉर्म शुल्क सुरू केले, त्याच वर्षी झोमॅटोनेही. पुढे ते दोन आकडी झाले. २२ सप्टेंबर २०२५पासून वितरण शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागू झाला. एकट्यांची बाजारपेठ कंपन्यांनी ओळखली आहे. जुलै २०२५मध्ये स्विगीने ९९ रुपयांत एका माणसाचे जेवण हा विभागच काढला. पोट भरते. पण आणून देणारा दारातून परत जातो आणि खाल्ले की नाही, हे विचारायला कोणी नसते.

त्यापेक्षा वसाहतीतल्या पोळी-भाजी केंद्राचा किंवा घरगुती महिन्याचा डबा बरा. असा डबा विकणाऱ्यांनाही ‘एफएसएसएआय’ची नोंदणी आवश्यक असते, १४ अंकी क्रमांक विचारून घ्यावा.

मैत्रीची जागा कोणती?

मीरा रोडहून चर्चगेटला धीम्या लोकलने तासाहून अधिक लागतो. येण्याजाण्यात तीन तास गेले की मैत्रीसाठी उरतो तो रविवार, आणि त्यातलाही निम्मा कपडे धुण्यात जातो. म्हणून लोकलमधल्या ग्रुपचे महत्त्व. लेडीज डब्यात आजही वाटाणे सोलले जातात, वाढदिवसाचा केक कापला जातो, डोहाळजेवणही उरकते. ‘आज काय आणलेस?’ या प्रश्नावर उभी राहिलेली ही मैत्री खानावळीच्या सर्वात जवळची. ठरलेली गाडी, ठरलेला डबा आणि न आलेल्याची चौकशी. घरून काम करणाऱ्याच्या वाट्याला तीही येत नाही.

हा केवळ हळवेपणाचा विषय नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने ३० जून २०२५च्या अहवालात जगात दर सहा माणसांमागे एक जण एकाकी असल्याचे म्हटले आणि एकाकीपणाशी निगडित मृत्यू वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार असल्याचा अंदाज मांडला. ब्रिटनने २०१८मध्ये, जपानने २०२१मध्ये या विषयासाठी मंत्री नेमले. आपल्याकडे ‘लग्न कर, सगळे ठीक होईल’ हेच धोरण.

डेटिंगचे बिल कोण भरते?

टिंडर २०१२मध्ये अमेरिकेत आले, बम्बल २०१८च्या अखेरीस भारतात. ॲप अंतर किलोमीटरमध्ये दाखवते; वांद्र्याच्या माणसाला मीरा रोड नकाशावर जवळ आणि लोकलच्या गर्दीत फार दूर वाटते. भेट मग बोरिवली-मालाडच्या मधल्या कॅफेत ठरते, कारण घरी बोलावता येत नाही. पहिल्या भेटीत घर टाळणे शहाणपणाचेच. पण पाचव्या भेटीतही घरी पिठले-भात करून घालता येत नसेल, तर ओळख वाढण्याचा प्रत्येक तास विकत घ्यावा लागतो. ज्याचा पगार कमी, त्याच्या ओळखीला वेळही कमी.

बाहेरची जागाही निर्धोक नाही. ऑगस्ट २०१५मध्ये मढ बेट-अक्सा भागातल्या हॉटेलांवर पोलिसांनी छापे घालून सुमारे ४० जोडप्यांना ताब्यात घेतले, सार्वजनिक असभ्यतेचा दंड केला. खोल्यांचे दार बंद असताना असभ्यता सार्वजनिक कशी, यावर टीका झाली आणि चौकशीचे आदेश निघाले. दोन सज्ञान व्यक्तींनी हॉटेलात एकत्र खोली घेणे गुन्हा नाही, असे मद्रास उच्च न्यायालयाने २०१९मध्ये म्हटले.

दुसरा धोका फसवणुकीचा. ऑगस्ट २०२४मध्ये अंधेरी पश्चिमेतील असा प्रकार चव्हाट्यावर आला. ॲपवर ओळख झालेली तरुणी लगेच भेटायचे म्हणते, जागा तीच ठरवते, मेन्यूत नसलेली महागडी पेये मागवते, फोन आल्याचे सांगून निघून जाते. मागे उरते हजारोंचे बिल आणि दाराशी उभे बाउन्सर. तेव्हा २३ ते ६१ हजारांपर्यंतची बिले समोर आली. अनेक जण लाजेने तक्रार करत नाहीत आणि या धंद्याचे खरे भांडवल तीच लाज असते.

अशा वेळी पहिल्या भेटीची जागा आपण सुचवावी, दर छापलेला मेन्यू पाहूनच मागवावे. अडवून ठेवले तर ११२ क्रमांक लावावा. ऑनलाइन पैसे गेले असल्यास १९३०, ग्राहक तक्रारीसाठी १९१५. सेवाशुल्क सक्तीचे नाही, हे दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये उचलून धरले आहे. बिलात ते आधीच जोडले असेल तर काढायला सांगता येते. स्त्रियांनी परतीची शेवटची लोकल आणि स्थानकावरून घरापर्यंतची रिक्षा आधी ठरवावी, भेटीचे ठिकाण मैत्रिणीला कळवून ठेवावे. घरमालकाशी करार करताना पाहुण्यांबाबतची अट लेखी मागावी. तोंडी नियमाचा पुरावा नसतो. लेखी असेल तर निदान सही करण्याआधी नाही म्हणता येते.