मेथी की पालक? रक्तवाढीसाठी कोणती भाजी घ्यावी

हिवाळा लागला की भोकरदन तालुक्यात भाजी स्वस्त होते. पूर्णा नदीकाठच्या केदारखेड्यासारख्या गावात मेथी आणि पालक दोन्ही ताज्या मिळतात, आणि बऱ्याच घरांत एकच सवाल निघतो. सुनेचं किंवा मुलीचं रक्त कमी आलंय, डॉक्टरांनी पालेभाजी खायला सांगितलीय, मग मेथी आणायची की पालक? बहुतेक जण पालकाचं नाव घेतात. पण आकडे वेगळं सांगतात.

हा सवाल साधा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के महिलांना रक्तक्षय, म्हणजे ॲनिमिया, असल्याचं आढळलं. दर दोन बायांमागे एक. थकवा, धाप लागणं, चक्कर येणं याला आपण "कामाचा ताण" म्हणून सोडून देतो. बाळंतपणात मात्र हेच कमी रक्त आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतं.

आकडे काय सांगतात?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यानुसार 100 ग्रॅम कच्च्या पानांत साधारण इतकं असतं:

लोह : मेथी 5.7 मिलिग्रॅम, पालक 3 मिलिग्रॅम
कॅल्शियम : मेथी 274 मिलिग्रॅम, पालक 82 मिलिग्रॅम
प्रथिने : मेथी 3.7 ग्रॅम, पालक 2.1 ग्रॅम
तंतू (फायबर) : मेथी 4.9 ग्रॅम, पालक 2.4 ग्रॅम
क जीवनसत्त्व : मेथी 58 मिलिग्रॅम, पालक 30 मिलिग्रॅम
फोलेट : मेथी 75 मायक्रोग्रॅम, पालक 142 मायक्रोग्रॅम

म्हणजे लोह, कॅल्शियम, प्रथिने, सगळ्यात मेथी पुढे. पालक एका गोष्टीत सरस आहे, फोलेट. नवीन रक्तपेशी तयार व्हायला आणि गरोदरपणाच्या सुरुवातीला बाळाचा मेंदू व मणका नीट घडायला फोलेट लागतं. म्हणून पालक बंद करायचं कारण नाही. आठवड्यात दोन्ही आलटून पालटून करावी, फक्त लोहासाठी पालकावर भिस्त ठेवू नये. पालकात ऑक्झलेटही भरपूर असतं. ते कॅल्शियमला बांधून ठेवतं, त्यामुळे पालकातलं कॅल्शियम शरीराला फारच थोडं मिळतं.

पण भाजी किती पोटात जाते?

आता घरातला हिशोब करू. समजा मेथी निवडून 200 ग्रॅम पानं निघाली आणि जेवणारी माणसं सहा. एकेकाच्या वाट्याला 33 ग्रॅम, म्हणजे सुमारे 1.9 मिलिग्रॅम लोह. पालक असेल तर जेमतेम 1 मिलिग्रॅम. आणि बाईला दिवसाला किती लोह लागतं? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे 29 मिलिग्रॅम. पुरुषाला 19.

म्हणजे मेथी जिंकली तरी एकट्या मेथीने काम भागत नाही. बाकीचं लोह बाजरीची भाकर, डाळी, मटकी, हरभरा, गोश्त यांतून यायला हवं. 100 ग्रॅम बाजरीत 6 मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं, त्यामुळे थंडीतली बाजरीची भाकर आणि मेथी ही जोडी चांगलीच आहे.

दुसरी गोष्ट, भाजी आणि धान्यातलं लोह शरीर सहजासहजी घेत नाही. पोटात गेलेल्यापैकी थोडाच हिस्सा रक्तापर्यंत पोहोचतो. तो हिस्सा वाढवणं किंवा घटवणं आपल्या हातात आहे.

काय सोबत खावं?

गोश्त : गोश्तातलं लोह भाजीतल्या लोहापेक्षा कितीतरी चांगलं शोषलं जातं. शिवाय ते सोबतच्या भाजीतलं लोहही शोषायला मदत करतं. आपल्याकडे मेथी गोश्त, पालक गोश्त, दालचा होतोच. गोश्त थोडं असलं तरी चालेल, भाजी आणि डाळ त्यात जास्त टाका. कलेजीत लोह भरपूर असतं, पण अ जीवनसत्त्वही फार असतं. गरोदर बाईने ती डॉक्टरांना विचारूनच खावी.

लिंबू आणि मोसंबी : क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. मेथीत ते आहे, पण शिजवताना बरंचसं नाश पावतं. म्हणून लिंबू ताटात, जेवताना पिळावं. जालना जिल्ह्याची मोसंबी तर भौगोलिक मानांकन मिळालेली. ती पाहुण्यांसाठी किंवा आजारी माणसासाठीच राखून ठेवू नका, जेवणासोबत तिच्या चार फोडी खा.

चहा : इथे आपलं सगळ्यात जास्त नुकसान होतं. ताट उचललं की लगेच चहा. चहातले टॅनिनसारखे घटक लोहाला धरून ठेवतात आणि ते शोषू देत नाहीत. मेथी खाऊन वर कडक चहा घेतला तर भाजीचा बराच फायदा गेला. जेवणाआधी आणि जेवणानंतर किमान एक तास चहा टाळावा. रमजानमध्ये सहरी उरकताना चहा, इफ्तारच्या जेवणाला लागून पुन्हा चहा, असं होतं. इफ्तारनंतरचा चहा तरावीह झाल्यावर घेता येईल.

करताना काय चुकतं?

कडूपणा जावा म्हणून मेथीला मीठ लावून पिळतात आणि ते पाणी फेकून देतात. फोलेट आणि क जीवनसत्त्व पाण्यात उतरणारे असल्याने त्यांचा काही भाग तिथेच जातो. भाजी आधी धुवावी, मग चिरावी, आणि कमी पाण्यात, झाकण ठेवून थोडा वेळच शिजवावी. टोमॅटो घालून लोखंडी कढईत केली तर कढईचं थोडं लोहही भाजीत उतरतं.

कोणी जपून खावं?

मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी पालक कमी खावा, कारण ऑक्झलेटमुळे खडे वाढू शकतात. त्यांनी पालक उकळून पाणी फेकलं तर ऑक्झलेट बरंच कमी होतं. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिनची गोळी चालू असेल तर दोन्ही भाज्यांचं प्रमाण अचानक वाढवू किंवा घटवू नये, आधी डॉक्टरांना विचारावं. मधुमेह असणाऱ्यांना मेथीची भाजी चांगली, पण ती गोळीच्या जागी नाही.

भाजीच्या भरवशावर राहू नका

हिमोग्लोबिन 12 पेक्षा कमी, गरोदरपणात 11 पेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय समजतात. तो एकदा झाला की मेथीने किंवा पालकाने भरून निघत नाही, गोळ्या लागतात. ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात गरोदर बाईला लोह आणि फोलिक ॲसिडची रोज एक गोळी 180 दिवस, आणि बाळंतपणानंतरही 180 दिवस मोफत दिली जाते. शाळकरी मुलींना आठवड्याला एक निळी गोळी मिळते. शौचाला काळी होते, मळमळतं म्हणून अनेक जणी मधेच सोडतात. काळी शौच ही लोहाच्या गोळीमुळे होणारी नेहमीची गोष्ट आहे, घाबरू नये. मळमळ होत असेल तर बंद करण्यापेक्षा आशाताईला किंवा डॉक्टरांना वेळ बदलून विचारावं. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नये, मधे किमान दोन तास ठेवावेत. लोहाची गोळी चहाबरोबर तर मुळीच नको.

शेवटचा मुद्दा दस्तरखानाचा. बऱ्याच घरांत आधी पुरुष आणि लेकरं जेवतात, बाया शेवटी. तोवर सालनातलं गोश्त संपलेलं असतं आणि भाजी पातेल्याच्या तळाला. ज्या घरातल्या बाईला सगळ्यात जास्त लोह लागतं, तिलाच सगळ्यात कमी मिळतं. शरीराचाही आपल्यावर हक्क आहे, ही शिकवण हदीसमध्ये आहे, आणि तो हक्क घरातल्या बाईच्या शरीरालाही आहे. सगळे एकत्र बसून जेवा. ते जमत नसेल तर गरोदर बाई, लेकुरवाळी आई आणि वयात आलेली मुलगी यांचा वाटा आधी काढून ठेवा. आणि घरातल्या ज्या बाईचं हिमोग्लोबिन वर्षभरात तपासलेलं नाही, तिला या आठवड्यात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा.