डॉग ग्रूमर व्हायचंय? कोर्स निवडण्याआधी हे वाचा

मुंबई-पुण्यात पाळीव कुत्र्यांची सलून आता गल्लोगल्ली दिसतात, आणि घरी येऊन आंघोळ घालणाऱ्या व्हॅनही. त्यांच्या जोडीने ग्रूमिंग शिकवणारे वर्गही वाढले. फी भरणारे बहुतेक जण विशी-पंचविशीतले. त्यांचे पैसे आणि पुढे त्यांच्या हाती येणारी मुकी जनावरं, दोन्ही जपायचं तर काही गैरसमज वेळीच दूर व्हायला हवेत.

गैरसमज : प्रमाणपत्र मिळालं की परवाना मिळाला.

वस्तुस्थिती : ग्रूमरने ठरावीक परीक्षा देऊनच काम करावं, अशी सक्ती करणारा केंद्रीय कायदा भारतात नाही. ब्रिटनमध्येही अशी सक्ती नाही. तिथला सिटी अँड गिल्ड्सचा लेव्हल 3 डिप्लोमा नावाजलेला आहे, पण तोही ऐच्छिकच. दुकानाची नोंदणी असते ती व्यवसायाची. त्यावरून हातातलं कसब कळत नाही. जाहिरातीत ‘आंतरराष्ट्रीय मान्यता’ असे शब्द दिसले, तर मान्यता देणारी संस्था कोणती आणि परीक्षा कोण घेतं, हे विचारून घ्यावं.

गैरसमज : व्हिडिओ पाहून शिकता येतं.

वस्तुस्थिती : कुत्र्यांच्या जाती, केसांचे प्रकार, ब्लेडचे आकडे हे पडद्यावर शिकता येतं. ब्लेडचा आकडा जितका मोठा, तितके केस बारीक कापले जातात : 10 नंबरचं ब्लेड साधारण दीड मिलिमीटर केस ठेवतं, तर 40 नंबरचं जेमतेम पाव मिलिमीटर. हे पाठ होतं. पण सलग चालवल्यावर ब्लेड किती तापलंय, हे मनगटाच्या आतल्या बाजूला लावूनच कळतं. टेबलावरचा कुत्रा ओठ चाटू लागला, नजर चुकवू लागला, अंग ताठ केलं, की हात कधी थांबवायचा, हेही जिवंत कुत्र्यासमोरच उमगतं.

शिह त्झूच्या कानामागची गाठ घ्या. वरून ब्रश फिरवला की केस मोकळे दिसतात, पण लोखंडी कंगवा मुळाशी नेला की अडकतो. गाठीत कातडी ओढली जाऊन वर आलेली असते, त्यामुळे तिथे कात्री घातली तर केसांबरोबर कातडीही कापली जाण्याची भीती. गाठ न सोडवता आंघोळ घातली, तर ती आणखी आवळते. म्हणून आधी विंचरणं, मग पाणी. सुटण्यापलीकडे गेलेली गाठ कातडीलगत क्लिपर चालवून काढतात. हा क्रम शिकवणाऱ्याच्या नजरेखाली पुन्हा पुन्हा केल्याशिवाय हातात बसत नाही.

गैरसमज : उन्हाळ्यात सगळ्याच कुत्र्यांचे केस उतरवावेत.

वस्तुस्थिती : लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन, हस्की यांच्या अंगावर केसांचा दुहेरी थर असतो. तो उन्हापासूनही कातडीचं रक्षण करतो. पार उतरवला तर काहींचे केस पुन्हा नीट येत नाहीत, ठिकठिकाणी विरळ राहतात. या कुत्र्यांना गरज असते ती आतले सुटे केस विंचरून, ब्लोअरने काढण्याची. गिऱ्हाइकाला ‘नको’ कधी म्हणायचं, हे ज्या वर्गात शिकवतात, तो वर्ग चांगला.

गैरसमज : ग्रूमर म्हणजे अर्धा डॉक्टर.

वस्तुस्थिती : भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 नुसार उपचार हा नोंदणीकृत पशुवैद्यकाचा अधिकार आहे. भूल देऊन दातांवरचं कीटण काढणं ग्रूमरच्या कक्षेत येत नाही. कानाला येणारा वास, कातडीवरचे चट्टे, गोचिड्या, एखादी नवी गाठ हे हेरून मालकाला डॉक्टरकडे पाठवणं मात्र त्याचंच काम. नखाच्या आतली रक्तवाहिनी चुकून कापली गेली तर रक्त कसं थांबवायचं, पग किंवा बुलडॉगला गरम ड्रायरखाली धाप लागली तर काय करायचं, हे अभ्यासक्रमात असायलाच हवं. शिकणाऱ्याने स्वतः रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घेऊन ठेवावी.

गैरसमज : फी जास्त, तर कोर्स चांगला.

वस्तुस्थिती : फीमध्ये वातानुकूलित खोली, किट, पदवीदान सोहळा असं बरंच काही असू शकतं. मोजायचं ते वेगळंच. एका शिक्षकामागे विद्यार्थी किती? प्रत्येकाच्या हातून किती कुत्रे पहिल्यापासून शेवटपर्यंत पूर्ण होतात? पूडल, शिह त्झू, दुहेरी थराचे, आखूड केसांचे असे सगळे प्रकार मिळतात का? सरावासाठी आणलेल्या कुत्र्यांना विश्रांती, पाणी आणि लसीकरण यांची काय व्यवस्था आहे? एकाच कुत्र्यावर दिवसभर वेगवेगळे हात चालत असतील, तर तिथे कुत्र्याचेही हाल आणि शिकणाऱ्याचंही नुकसान.

पैसे भरण्याआधी एक अख्खा दिवस वर्गात बसून बघू देण्याची विनंती करा. शिक्षक घाबरलेल्या कुत्र्याला कसं हाताळतात, तिकडे लक्ष ठेवा. बघू द्यायलाच नकार मिळाला, तर दुसरा वर्ग शोधा.