कॉफीच्या पानांचें पेय : एका दंतकथेची छाननी

पश्चिम सुमात्रा प्रांतांतील मिनांगकाबाऊ लोक कॉफीचीं पानें उकळून पितात, ही गोष्ट आमच्या कित्येक वाचकांस नवलाची वाटेल. ह्या पेयास ते 'कावा दाउन' म्हणतात. 'दाउन' म्हणजे पान. पानें बांबूच्या कामट्यांत धरून चुलीवर धुरकटून कडक वाळवितात, मग पाण्यांत उकळतात, आणि तो तांबूस काढा नारळाच्या करवंटींतून पितात. चव कॉफीपेक्षां चहाच्या जवळची असते.

ह्या चालीची उत्पत्ति अशी सांगतात : डच सरकारनें इ. स. १८४७ पासून त्या प्रांतांत कॉफीची लागवड सक्तीची केली. सर्व बीं ठरीव भावानें सरकारी वखारींत घालावें लागे. रयतेच्या हातीं पानेंच उरलीं, म्हणून ती पानें पिऊं लागली. कथेतील सक्ती निःसंशय खरी आहे. उत्पत्ति मात्र आम्हांस मान्य नाहीं.

प्रथम नांव पाहूं. इंदोनेशियांत कॉफीस सर्वत्र 'कोपी' म्हणतात, व तो शब्द डच भाषेंतून आलेला आहे. जावांत डचांनीं इ. स. १६९६ मध्यें मलबारांतून रोपें नेलीं, तीं पुरांत गेलीं, १६९९ मध्यें पुन्हां नेलीं. तेव्हां नांव त्यांचें असणें स्वाभाविकच. 'कावा' हें मात्र अरबी 'कह्वा'चें रूप होय. डचांच्या जुलमांतून जन्मलेल्या पेयास अरबी नांव कां असावें?

तथापि केवळ शब्दावर भिस्त ठेवणें बरें नव्हे. जावांतील तेगल गांवीं मोगऱ्याच्या वासाचा चहा मातीच्या किटलींतून खडीसाखरेवर ओततात. तेथील 'तेह' हा शब्द फूच्येन किनाऱ्यावरच्या चिनी बोलींतला, आणि साखरेचें 'गुला' हें नांव आपल्या संस्कृत 'गुडा'चें. संस्कृताचें नांव निघालें कीं आमच्यासारख्या जुन्या शिक्षकास हुरूप येतो. परंतु त्यावरून ती चहाची चाल भरतखंडांतून गेली असें कोणी म्हणूं नये. शब्द आला कोठून हें कळतें, चाल केव्हां पडली हें कळत नाहीं.

काळाचा पुरावा व्यापारांत सांपडतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन जहाजें पादांग बंदरांत कॉफी घेऊं लागलीं, तेव्हां कोठें डोंगरांतील शेतकऱ्यांस बियांचा मोल कळला. त्यापूर्वीं कॉफीचीं झाडें तेथें कुंपणास लावीत, व उपयोग होई तो पानांचाच. म्हणजे पानें पिण्याची चाल सक्तीहून निदान अर्धशतकानें जुनी ठरते.

मग कथा निर्मूळ काय? तसेंही नाहीं. पूर्वीं बीं विकणें न विकणें शेतकऱ्याच्या इच्छेवर होतें. १८४७ नंतर तें राहिलें नाहीं. पान तेंच, पण तें पिणाऱ्याची स्थिति पालटली, आणि लोकांनीं स्मरणांत ठेवली ती हीच गोष्ट. इ. स. १९०८ मध्यें सक्ती उठून तिच्या जागीं कर बसला, तेव्हां त्याविरुद्ध कामांग येथें बंड झालें. बातुसांकर व पायाकुंबुह ह्या गांवांच्या वाटेवरील टपऱ्यांत हें पेय आजही तळलेल्या केळ्यांबरोबर मिळतें, आणि ती कथाही तेथें ऐकावयास मिळते.