गुप्तता आणि चिन्ह : फ्रीमेसन लॉज व परमहंस सभा

गुप्त मंडळींचा विचार करताना ‘गुप्त’ या विशेषणाचा अर्थ सर्वत्र एकच धरण्याचा प्रघात दिसतो. वस्तुतः नेमके काय गुप्त राखले जाते, हे पाहिल्यास त्यांतील मूलभूत भेद स्पष्ट होतो. एकोणिसाव्या शतकातील मुंबईत नांदलेल्या दोन संस्था या दृष्टीने तुलनीय ठरतात.

फ्रीमेसनांची पहिली ग्रँड लॉज लंडन येथे १७१७ साली स्थापन झाली, अशी परंपरा आहे. अलीकडील काही संशोधकांनी १७२१ हे वर्ष सुचविले आहे. या संघटनेची प्रमुख चिन्हे गवंडीकामातून आलेली आहेत. इंग्लिश परंपरेत लॉजच्या प्रमुखाच्या गळ्यात गुण्या असतो, तर त्याच्या दोन साहाय्यकांकडे अनुक्रमे पाणसळ व ओळंबा. नवदीक्षिताचा एप्रन कोकराच्या पांढऱ्या कातड्याचा व निरलंकार असतो. दुसऱ्या पायरीवर त्यावर दोन आकाशी फुले येतात, तिसऱ्या पायरीवर तीन फुले व आकाशी काठ. पोशाख ही येथे पदांची लिपीच होय. मात्र ही लिपी लपविली जात नसे. कोनशिलेच्या समारंभांत सदस्य ती चिन्हे धारण करून उघडपणे मिरवत. गुप्त होते ते दीक्षाविधी व ओळखीच्या खुणा. मुंबईत डॉ. जेम्स बर्न्स यांनी १८४३ साली स्थापन केलेल्या ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ या लॉजने हिंदी सदस्यांना द्वार खुले केले.

१८४९ साली मुंबईतच दादोबा पांडुरंग यांच्या प्रेरणेने परमहंस सभा सुरू झाली. तिला एप्रन नव्हता, पदचिन्हे नव्हती. जातिभेद अमान्य करणाऱ्या या सभेत प्रवेश घेणाऱ्यास ख्रिस्ती माणसाने केलेला पाव खावा लागे. अंगावर धारण केलेले चिन्ह उतरविता येते; तत्कालीन जातिनियमांनुसार असे अन्नग्रहण मात्र बहिष्कारास पुरेसे होते. म्हणूनच येथे विधीपेक्षा सदस्यांची नावे गुप्त राखणे अगत्याचे ठरले.

दोहोंच्या भवितव्यातील अंतर याच भेदातून उलगडते. सॅम्युएल प्रिचर्ड याने १७३० सालीच फ्रीमेसनांचे विधी छापून उघड केले, तरी ती संघटना टिकली. परमहंस सभेच्या सदस्यांची नावे मात्र १८६० च्या सुमारास बाहेर फुटली आणि सभा विसर्जित झाली. १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने उघड उपासनेचा मार्ग स्वीकारला, यामागे हा अनुभव होता.

परमहंस सभेच्या अभ्यासकास बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदय’सारख्या आठवणींवर बरेचसे विसंबावे लागते, ते यामुळेच. लॉजने आपल्यामागे वस्तू ठेवल्या. सभेने मागे ठेवल्या त्या प्रामुख्याने आठवणी. त्या आठवणींतील मौनाचे वाचन करताना सदस्यांना वाटणाऱ्या बहिष्काराच्या भयाचा संदर्भ ध्यानी घेणे आवश्यक ठरते.