नाव पुसले म्हणून ओळख पुसली जात नाही

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत शिफ्ट सुटते, पुणे-बंगळूर महामार्ग तुंबतो आणि मोबाइलच्या नकाशावर तो लाल होतो. ही लाली तिथल्याच फोनच्या वेगावरून ठरते. याला मोबाइल संवेदन (फोनने भोवतालची माहिती टिपणे) म्हणतात.

नाव काढले की ही माहिती निनावी झाली, असा सर्रास समज आहे. पण रात्री उचगावातले एक घर, दिवसा वसाहतीतला एक कारखाना. एवढ्यावरून माणूस बहुधा सापडतोच. २०१३ साली परदेशातील १५ लाख मोबाइलधारकांच्या नोंदी अभ्यासल्या गेल्या, तेव्हा ठिकाण-वेळेच्या अवघ्या चार नोंदींवरून ९५ टक्के माणसे वेगळी काढता आली.

खरा आधार कूटलेखनाचा (गणिती किल्लीने माहिती झाकणे). दोन फोन आपसांत एक गुप्त आकडा ठरवतात. एक तो आपल्या वेगात मिळवतो, दुसरा वजा करतो. सर्व्हरला सुटे आकडे निरर्थक दिसतात, बेरीज मात्र चोख येते. देवळातल्या दानपेटीसारखे: एकूण रक्कम कळते, कोणी किती टाकले ते नाही.

पेटीपाशी कोण आले, हे मात्र दिसतेच. ते लपवण्यासाठी ‘टॉर’सारखे जाळे संदेशावर कूटलेखनाचे थर चढवून तो सहसा तीन टप्प्यांतून पाठवते. प्रत्येक टप्प्याला फक्त मागचा आणि पुढचा शेजारी माहीत असतो.